मालक परगावी, जनावर परक्या हाती : राखणदाराच्या कामाचा इतिहास

१/
सन १६२३. खंबायत हे गुजरातमधील गजबजलेले बंदर. पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी तेथे पशुपक्ष्यांसाठी चालवलेली रुग्णालये पाहत हिंडत होता. एका ठिकाणी त्याला पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध दिसला. नाकावर चष्मा, समोर पेटी आणि पेटीत कापसावर ठेवलेली उंदरांची पोरकी पिले. पिले इतकी लहान होती की त्यांना आपणहून खाता येत नव्हते. वृद्ध गृहस्थ पक्ष्याच्या पिसाने त्यांच्या तोंडात दुधाचे थेंब सोडत होता. #थ्रेड #इतिहास

२/
मोठी झाली की या पिलांना हवे तिथे जाऊ देणार, असे त्याने प्रवाशाला सांगितले. देल्ला वाल्लेने पेटी, कापूस, चष्मा, पीस हे सगळे टिपून ठेवले. माणसाचे नाव मात्र टिपले नाही. आज पुण्या-मुंबईतील ‘पेट बोर्डिंग’मध्ये मालक परगावी गेल्यावर त्याच्या कुत्र्यामांजरांना खाऊ घालणारा, फिरवणारा, रात्री त्यांच्याजवळ झोपणारा जो अटेंडंट असतो, त्याच्या पूर्वसूरींपैकी हा एक. या कामाचा इतिहास फार जुना आहे आणि तो प्रामुख्याने कायद्यांत, दंडांत व हिशेबांत सापडतो.

३/
या कामात तीन पक्ष असतात. मालक, जो त्या वेळी हजर नसतो. राखणदार, जो हजर असतो. आणि जनावर, ज्याच्यावर सगळे गुदरते पण ज्याला साक्ष देता येत नाही. परत आलेले जनावर रोडावलेले दिसले, लंगडत असले किंवा परत आलेच नाही, तर खरे काय घडले हे ठरवायचे कसे? आणि राखणदाराला मोबदला कसा द्यायचा, म्हणजे जनावराची उपासमार होणार नाही? गेली दोन हजार वर्षे याच दोन प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या शब्दांत दिली गेली आहेत.

४/
प्राचीन स्मृतिकारांनी न्यायालयात येणाऱ्या तंट्यांचे १८ प्रकार केले. त्यांतला एक आहे ‘स्वामिपालविवाद’, म्हणजे जनावराचा मालक आणि ते पाळणारा यांच्यातला वाद. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ‘निक्षेप’, म्हणजे विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू, हा त्या यादीतला वेगळा प्रकार आहे. दागिना ठेवायला देणे आणि गाय सांभाळायला देणे या दोन गोष्टी स्मृतिकारांनी एकाच सदरात घातल्या नाहीत. दागिना पेटीत ठेवला की काम संपते. गाईच्या बाबतीत तिथून पुढे सुरू होते.

५/
मनुस्मृतीत या वादाची पहिलीच विभागणी वेळेची आहे. दिवसा जनावराची जबाबदारी राखणाऱ्याची. रात्री जनावर मालकाच्या गोठ्यात परतले असेल, तर मालकाची. रात्रीही ते राखणाऱ्याकडेच राहत असेल, तर रात्रीचा दोषही त्याचाच. आजच्या भाषेत ‘डे-केअर’ आणि ‘बोर्डिंग’ यांच्यातला फरक तो हाच. संध्याकाळी कुत्रा घरी न्यायचा असेल तर एक करार, मुक्कामाला ठेवायचा असेल तर दुसरा. रात्र कोणाच्या छपराखाली गेली, यावर हा फरक ठरतो.

६/
पुढे दोषांची वर्गवारी येते. जनावर हरवले, किड्यांनी खाल्ले, कुत्र्यांनी मारले किंवा लक्ष न दिल्याने खड्ड्यात पडून मेले, तर भरपाई राखणाऱ्याने करायची. चोरांनी उघड हल्ला करून नेले, राखणाऱ्याने आरडाओरडा केला आणि योग्य वेळी, योग्य ठिकाणी मालकाला कळवले, तर तो निर्दोष. शेळ्यामेंढ्यांना लांडग्यांनी घेरले आणि राखणदार धावून गेलाच नाही, तर दोष त्याचा. संकट ओढवले म्हणून कोणी दोषी ठरत नव्हता. संकटात त्याने काय केले, हे पाहिले जाई.

७/
जनावर आपल्या मरणाने मेले तर? तेव्हा राखणाऱ्याने कान, कातडे, शेपूट असे अवयव मालकाला आणून दाखवायचे आणि अंगावरच्या खुणा पटवून द्यायच्या. कौटिलीय अर्थशास्त्रात हाच नियम जातवारीने दिला आहे. गाय-म्हैस असेल तर डाग असलेले कातडे, शेळी-मेंढी असेल तर खुणेचा कान, घोडा, गाढव वा उंट असेल तर शेपूट आणि डागाचे कातडे. जनावर बोलू शकत नव्हते, म्हणून त्याच्या कातड्याला साक्षीला उभे करण्यात आले.

८/
आता मोबदला. मनुस्मृतीत दुधाच्या बोलीवर राहणाऱ्या गुराख्याला, मालकाच्या संमतीने, दहा गाईंमागे सर्वांत चांगल्या एका गाईचे दूध घेण्याची मुभा आहे. नारदस्मृतीत वार्षिक दर आहे. शंभर गाईंमागे एक कालवड, दोनशेंमागे एक दुभती गाय आणि शिवाय दर आठव्या दिवसाचे दूध. खेड्यापाड्यांत आजही शेळी किंवा कालवड ‘अर्धलीने’ सांभाळायला देतात आणि होणारी वासरे-करडे निम्मी-निम्मी वाटून घेतात. हा व्यवहार त्याच कुळातला.

९/
कौटिल्याचे मत याहून वेगळे आहे. राजाच्या कळपासाठी गोपालक, म्हशी राखणारा, धारा काढणारा, ताक घुसळणारा आणि श्वापदांपासून रक्षण करणारा शिकारी अशी माणसे शंभर-शंभर जनावरांमागे नेमावीत आणि त्यांना रोख वेतन द्यावे, असे तो सांगतो. कारणही देतो. पगार दूध-तुपाच्या रूपाने दिला, तर ही माणसे वासरांना उपाशी मारतील. वासराच्या तोंडचे दूध आणि राखणदाराचा पगार एकाच सडातून येत असेल, तर हार वासराची होणार.

१०/
या उपदेशात नैतिकतेचा आव नाही. गुराखी वाईट असतो, असे कौटिल्य म्हणत नाही. चांगला माणूसही पगाराच्या पद्धतीमुळे वासराचा वैरी होऊ शकतो, एवढेच तो ओळखतो. राखणदाराला पैसे कसे मिळतात, यावर जनावराचे हाल किंवा सुख ठरते, हे सूत्र या विषयाच्या पुढच्या सगळ्या इतिहासात पुन्हा पुन्हा खरे ठरताना दिसते. मुंबईत तर त्यावरून दंगल झाली. पण त्याआधी हत्तीखाना.

११/
अर्थशास्त्रात हत्तीच्या सेवेतील माणसांची यादी आहे. वैद्य, हत्तीला शिकवणारा, स्वार, माहूत हे तर आहेतच. त्यांच्या जोडीला ‘विधापाचक’ म्हणजे खुराक शिजवणारा, ‘यावसिक’ म्हणजे वैरण आणणारा, ‘पादपाशिक’ म्हणजे पायांच्या साखळदंडांकडे पाहणारा, ‘कुटीरक्षक’ म्हणजे ठाणाची राखण करणारा. आणि शेवटी ‘औपशायिक’. याचा अर्थ हत्तीच्या जवळ झोपणारा. रात्री जनावराशेजारी अंग टाकणे हे वेगळे, नाव असलेले आणि पगार असलेले काम होते.

१२/
त्याच प्रकरणात दंडाची कारणेही आहेत. ठाण अस्वच्छ ठेवणे, वैरण न देणे, हत्तीला उघड्या कठीण जमिनीवर झोपवणे, भलत्या जागी मारणे, परक्याला त्याच्यावर बसू देणे, अवेळी बाहेर काढणे, घाट नसलेल्या ठिकाणी पाण्यात उतरवणे. यांतले काहीही घडले की दंड सेवकांच्या शिधा-वेतनातून कापायचा. आजच्या एखाद्या बोर्डिंगमध्ये भिंतीवर लावलेल्या सूचनांशी ही यादी ताडून पाहिली, तर फरक जनावराच्या आकारापुरताच उरतो.

१३/
अकबराच्या काळी हीच शिस्त आकड्यांत उतरली. ‘आईन-ए-अकबरी’नुसार मस्त हत्तीच्या मानेवर बसणाऱ्या माहुताला महिना २०० दाम, पाठीमागे बसणाऱ्या भोयाला ११० दाम. हत्ती खोडकर, माहुताला खाली ओढणारा असेल तर माहुताला २२० दाम. धोक्याचा भत्ता तो हाच. दर महिन्याला दोन अनुभवी माणसे बादशहाच्या खास हत्तींची पाहणी करत. हत्ती ठरलेल्या मापापेक्षा पाव हिश्श्याने रोडावलेला आढळला, तर भोयाचा एक महिन्याचा पगार बुडे.

१४/
दंडाची मजल तेवढ्यावर थांबत नव्हती. उपासमारीने किंवा हेळसांडीने हत्तीण मेली, तर तिची किंमत भोयांनी भरायची. महिना शंभर-सव्वाशे दामांवर राबणाऱ्या माणसाला हत्तिणीची किंमत या जन्मात फेडता येणे अवघड. राखणदाराच्या कामातील सर्वांत कडू विसंगती येथे उघडी पडते. सांभाळलेल्या जनावराची किंमत सांभाळणाऱ्याच्या कित्येक वर्षांच्या कमाईहून अधिक असते. चूक एका रात्रीची असते, देणे आयुष्यभराचे.

१५/
राजेरजवाड्यांच्या लाडक्या प्राण्यांची नावे इतिहासाने जपली. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. वाघाच्या हल्ल्यातून त्याने महाराजांना वाचवले, अशी आख्यायिका आहे. जुनागढचा शेवटचा नवाब महाबतखान याच्या पदरी शेकडो कुत्री होती. त्याच्या रोशनआरा नावाच्या कुत्रीच्या थाटामाटाच्या लग्नाची कथा आजही सांगितली जाते. खंड्याला पेज पाजणारा कोण, रोशनआराला सजवणारा कोण, हे त्या कथांत कोठेही येत नाही.

१६/
राजवाड्याबाहेरचे चित्र पाहायचे तर पुन्हा गुजरातेत यावे लागते. खंबायत, सुरत, अहमदाबाद येथे जैन व वैष्णव व्यापारी म्हाताऱ्या, जखमी, बेवारस जनावरांसाठी आश्रयस्थाने चालवत. इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन १६८९ साली सुरतेस आला. गाई, घोडे, शेळ्या, कुत्री यांच्या रुग्णालयासोबत त्याने ढेकूण-पिसवांसाठी राखलेल्या जागेचेही वर्णन केले आहे. अधूनमधून एखाद्या गरीब माणसाला मजुरी देऊन रात्रभर तेथे खाटेवर झोपवत. तो पळून जाऊ नये म्हणून त्याला बांधून ठेवत आणि किडे त्याच्या रक्तावर पोसले जात, असे तो लिहितो.

१७/
परदेशी प्रवाशांना हिंदुस्थानातील अजब गोष्टी लिहिण्याची हौस होती, हे ध्यानात ठेवूनही हे वर्णन विसरता येत नाही. जीवदयेचे पुण्य शेठजींच्या खाती जमा होई आणि त्यासाठी लागणारे रक्त त्या मजुराचे असे. खंबायतचा चष्मेवाला वृद्ध आणि सुरतेचा बांधलेला मजूर ही एकाच दयाधर्माची दोन टोके आहेत. एकाने आपण होऊन हात पुढे केला होता, दुसऱ्याची रात्र विकत घेतली गेली होती.

१८/
आता मुंबई. रस्त्यावरची बेवारस कुत्री मारण्याची मुभा कंपनी सरकारने कायद्याने दिलेली होती. त्यासाठी उन्हाळ्यातील ठरावीक मुदत असे आणि प्रत्येक मारलेल्या कुत्र्यामागे रोख बक्षीस मिळे. १८३२ साली ही मुदत पुढे जूनपर्यंत वाढवण्यात आली. नगावर बक्षीस म्हटल्यावर बेवारस कोण आणि पाळलेला कोण, हे पाहण्यात कुत्रा पकडणाऱ्याला काय रस असणार? घरांच्या दारातली, मालकांची कुत्रीही मारली जाऊ लागल्याच्या तक्रारी झाल्या. वासराच्या दुधाबाबत कौटिल्याने जे सांगितले होते, ते येथे काठीच्या रूपाने दिसले.

१९/
पारशी समाजासाठी हा केवळ दयेचा प्रश्न नव्हता. झरतुष्ट्री धर्मात मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा ‘सगदीद’ विधी आहे. ‘वेंदिदाद’ या धर्मग्रंथात कुत्र्याला कसे वागवावे याचे सविस्तर नियम आहेत. त्याला वाईट अन्न देणे, घशात अडकेल असे कठीण हाड किंवा तोंड भाजेल असे गरम अन्न देणे हा अपराध आहे. व्यायला झालेली कुत्री ज्याच्या जागेजवळ येऊन पडेल, तिला सांभाळणे हे त्याचे कर्तव्य. मालकी कोणाची, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. जवळ असलेल्याने राखायचे.

२०/
६ जून १८३२ रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, फोर्ट भागात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली. हिंदू, जैन आणि इतर व्यापारीही बंदात सामील झाले. छावणीला जाणारी रसद अडली. अखेर लष्कर बोलावून धरपकड करण्यात आली. त्यानंतर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखे प्रतिष्ठित नागरिक मध्ये पडले आणि कुत्री मारण्याऐवजी पकडून शहराबाहेर न्यावीत, ही मागणी पुढे आली.

२१/
पण नेऊन ठेवायची कोठे? १८ ऑक्टोबर १८३४ रोजी जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. भुलेश्वरच्या गल्ल्यांत ती आजही उभी आहे. पांजरा म्हणजे पिंजरा आणि पोळ म्हणजे दरवाजा असलेला मोहल्ला. लंडनमध्ये मेरी टिल्बी यांनी हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी निवारा काढला तो १८६० साली. तोच पुढे १८७१ मध्ये बॅटरसी येथे गेला आणि जगप्रसिद्ध झाला. मुंबईची संस्था त्याच्याहून २६ वर्षांनी वडील आहे.

२२/
नगामागे बक्षीस घेऊन कुत्रा मारणारा आणि कामाला राहून कुत्र्याला भाकरी घालणारा हे दोघेही याच शहराचे गरीब रहिवासी. त्यांच्या हातून काय घडले, ते पैसे देणाऱ्याने कशासाठी पैसे दिले यावर ठरले. मात्र पांजरापोळीच्या पद्धतीतही एक खोट होती. जनावर आत घेणे हे पुण्य मानले जाई, त्यामुळे आत घेण्यावर मर्यादा राहत नसे. जागा आणि हात तेवढेच, जनावरे मात्र वाढत जाणारी. देशभरातल्या पांजरापोळींवर दाटीचा आणि अव्यवस्थेचा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला. खुद्द गांधीजीही त्यांत होते.

२३/
सरकारी बाजूने जनावर राखण्याची संस्था म्हणजे कोंडवाडा. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्याने त्याला पक्के रूप दिले. कोंडवाड्याच्या रखवालदाराने नोंदवही ठेवायची, आणलेले प्रत्येक जनावर त्यात लिहायचे, त्याला चारापाणी द्यायचे. मालक न आल्यास लिलाव. त्या लिलावात रखवालदाराने स्वतः किंवा आडून जनावर विकत घ्यायचे नाही. चारापाण्यात कुचराई केली तर ५० रुपयांपर्यंत दंड आणि तो त्याच्या पगारातून कापता येई. अर्थशास्त्रातील शिधा-वेतनातली कपात दोन हजार वर्षांनी इंग्रजी कायद्यात जशीच्या तशी भेटते.

२४/
पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, भारतीय करार कायदा आला. जनावर पैसे घेऊन सांभाळायला ठेवणे हा आज या कायद्यातील ‘निक्षेप’ ठरतो. सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल, तेवढी ठेवणाऱ्याने घ्यावी, हा त्यातील दंडक. कलम १६३ चे उदाहरण तर थेट गोठ्यातले आहे. सांभाळायला दिलेली गाय त्या काळात व्याली, तर वासरूही मालकाला परत द्यायचे. स्मृतिकारांनी वेगळे ठेवलेले जनावर येथे ठेवीच्या मालात जमा झाले. गाय आणि दागिना एका सदरात आले.

२५/
याच काळात राखणीच्या कामात वैद्यकशास्त्र शिरले. १८८३ मध्ये परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयाची पायाभरणी झाली आणि १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय त्याच आवारात सुरू झाले. मधल्या १८८५ साली पाश्चर यांनी पॅरिसमध्ये रेबीजची लस माणसाला प्रथम टोचली. तोवर पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा म्हणजे मृत्यू, हे जाणूनच राखणदार पिंजऱ्यात हात घालत असे. कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमामागची भीती खोटी नव्हती, हेही येथे नमूद करायला हवे.

२६/
रेबीजच्या भीतीतूनच ब्रिटनमध्ये परदेशातून येणाऱ्या कुत्र्यामांजरांना सहा महिने विलगीकरणात ठेवण्याची पद्धत आली. हिंदुस्थानातून मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या साहेबाचा कुत्राही त्यातून सुटत नव्हता. मालक गावातच असे, पण कुत्रा अर्धे वर्ष परक्याच्या हातचे खाई. २००० साली लस, रक्ततपासणी आणि कातडीखालील मायक्रोचिप यांच्या आधारे ही सक्ती सैल झाली. अर्थशास्त्रातील डागाच्या कातड्याचे काम आता तांदळाच्या दाण्याएवढी चिप करू लागली.

२७/
१९२६ साली अहमदाबादेत अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारातील ६० मोकाट कुत्री मारवली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. गांधीजींनी अनेकांना धक्का देणारी भूमिका घेतली. कुत्र्याला मालक हवा, रस्त्यावर तुकडा टाकून निघून जाणे ही दया नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा निष्कर्ष न पटणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण तुकडा टाकणे आणि सांभाळणे यांतील जो फरक त्यांनी दाखवला, त्या फरकातच राखणदाराचे सगळे काम सामावलेले आहे. तुकडा एकदाच टाकता येतो, सांभाळ रोज करावा लागतो.

२८/
आजच्या बोर्डिंगची रचना या सगळ्या थरांवर उभी आहे. कुत्रा दारात आला की आधी लसीकरणाचे कार्ड तपासतात. त्यालाही इतिहास आहे. १९७८ मध्ये कुत्र्यांतील पार्वो विषाणू प्रथम ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत तो जगभर पसरला. हा विषाणू फरशीवर, भांड्यावर, चपलेच्या तळाला महिनोन्‌महिने तग धरतो. साध्या साबणाने तो हटत नाही, ब्लीचसारखे रसायन लागते. म्हणून अटेंडंटच्या दिवसाची सुरुवात फरशी घासण्यापासून होते. एका पिंजऱ्याची बादली दुसऱ्याला न वापरण्याचा नियम येतो तोही यातूनच.

२९/
त्याच्या उरलेल्या कामाला लिखित शास्त्र फारसे नाही. मालक गेल्यानंतर पहिल्या दिवशी अनेक कुत्री अन्नाला तोंड लावत नाहीत, दाराकडे तोंड करून बसतात. कोणाला एकटे सोडायचे, कोणाजवळ नुसते बसून राहायचे, दोन अनोळखी कुत्र्यांना कधी एकत्र आणायचे, शेपटी ताठ झाली म्हणजे पुढच्या क्षणी काय होणार, हे अंगवळणी पडलेले ज्ञान असते. चुकले तर चावा अटळ. मग जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची, लगेच लस घ्यायची. अशी कामे करणाऱ्यांनी रेबीजची लस आधीच घेऊन ठेवावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

३०/
हिशेबाचा जुना प्रश्नही सुटलेला नाही. कातड्याचा डाग गेला, त्या जागी मोबाइलवर पाठवायचा व्हिडिओ आला. मालक आता दूर असूनही पाहत असतो, पण जनावर अजूनही सांगू शकत नाही. मालक दिवसाला, नगाला पैसे मोजतो. अटेंडंटला महिन्याचा ठरलेला पगार मिळतो. सुट्टीच्या हंगामात कुत्री दुप्पट होतात, हात तेवढेच राहतात. वासराला दूध पुरले का, असे विचारायचे तर आज एका माणसाकडे किती कुत्री, असे विचारावे लागेल. दरपत्रकात हा आकडा क्वचितच छापलेला असतो. बोर्डिंग निवडताना मालकाने सर्वांत आधी विचारावा असा प्रश्न तोच.

३१/
दिवाळीच्या रात्री फटाके सुरू झाले की अशा ठिकाणी काय होते, हे तेथे काम करणाऱ्यालाच ठाऊक. थरथरणारी कुत्री कोपऱ्यात शिरतात, काही पिंजऱ्याच्या गजांना चावतात. तेव्हा अटेंडंट आपली चटई ओढून त्यांच्या रांगेत टाकतो आणि आडवा होतो. त्याच्या नोंदवहीत खाणे, फिरणे, औषध यांचे रकाने असतात, या झोपण्याचा नसतो. हत्तीखान्याच्या यादीत त्या कामाला एक नाव होते, औपशायिक. त्या यादीत त्याला वेतनही लागू होते.

(समाप्त)